दर जूनला नव्याने नेमलेला प्राध्यापक

आमच्या विभागाच्या कपाटातला सगळ्यात जास्त हाताळलेला कागद म्हणजे वर्कलोडचा तक्ता. दरवर्षी जूनमध्ये तो भरायचा. एफ.वाय.च्या तुकड्या किती, एस.वाय.ला विषय घेतलेली मुले किती, टी.वाय.ला पेपर किती, त्यांचे आठवड्याचे तास किती. एकूण तासांतून माझ्या वाट्याचे चौदा वजा करायचे आणि उरतील त्यांना नऊने भागायचे. नऊने अशासाठी, की तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासापुरतेच मानधन देऊन, नेमलेल्या माणसाला आठवड्याला नऊच तास देता येतात. भागाकार येईल तेवढे प्राध्यापक त्या वर्षापुरते विभागाला मिळतात. सत्र संपले की त्यांची नेमणूकही संपते. पुढच्या जूनला नवा तक्ता, नवी जाहिरात, नवी मुलाखत, आणि पुष्कळदा माणसे तीच.

मी एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. सत्तावीस वर्षे झाली. नियमित पदावर आहे, पगार महिन्याच्या महिन्याला होतो, सेवापुस्तिका जागेवर आहे. म्हणून हे लिहिण्याची जबाबदारी माझ्यासारखीवर जास्त येते. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांना ते स्वतःच्या नावाने लिहिता येत नाही.

राष्ट्रवादीत फूट पडली त्या वर्षीची गोष्ट. आदल्याच वर्षी, जून २०२२ मध्ये, शिवसेना फुटलेली. टी.वाय.च्या वर्गात पक्षांतरबंदी कायदा शिकवायचा होता आणि तो तास आमच्या एका तरुण सहकाऱ्याकडे होता. सेट ही प्राध्यापकाची पात्रता परीक्षा झालेला, पीएच.डी. झालेला, तासिका तत्त्वावरचे सहावे वर्ष. एका मुलाने विचारले, "सर, दोन तृतीयांश आमदार दुसरीकडे गेले की मग पक्षच त्यांचा होतो का?" माझी खोली त्या वर्गाला लागून आहे आणि मधली भिंत पातळ आहे, त्यामुळे मला सगळे ऐकू येत होते. त्याने प्रश्न टाळला नाही. १९८५ ची बावन्नावी घटनादुरुस्ती सांगितली. एक तृतीयांश आमदार फुटले तर त्यांना संरक्षण देणारा परिच्छेद २००३ च्या एक्याण्णवाव्या दुरुस्तीने का काढून टाकला ते सांगितले. विलीनीकरणाचा परिच्छेद अजून कसा शिल्लक आहे ते सांगितले. मग विधिमंडळ पक्ष आणि मूळ राजकीय पक्ष यांतला फरक फळ्यावर मांडला. व्हीप, म्हणजे आमदारांना पक्षाचा आदेश बजावणारा प्रतोद, नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये म्हटले, तेही सांगितले. आणि त्यानंतर त्याने जे केले त्याला मी शिकवणे म्हणते. फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारली, वर्गाचे दोन गट केले, आणि एका गटाला फुटून गेलेल्यांची बाजू मांडायला लावली, दुसऱ्याला मागे राहिलेल्यांची. ज्यांच्या घरात एका बाजूचे लोक होते त्यांना मुद्दाम दुसऱ्या बाजूला बसवले.

तास संपल्यावरही मुले जिन्यात भांडत होती. कलमे घेऊन भांडत होती.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून निरोप आला, "अभ्यासक्रमात आहे तेवढेच शिकवा." तो माझ्याकडे अभ्यासक्रमाची पुस्तिका घेऊन आला आणि त्या ओळीवर बोट ठेवून उभा राहिला. 'पक्षांतरबंदी कायदा : तरतुदी व मूल्यमापन.' मूल्यमापन हा शब्द विद्यापीठानेच छापलेला होता. मी त्याला काय म्हणाले ते मला अजून टोचते. मी म्हणाले, "बरोबर आहे रे तुझे. पण जून जवळ आलाय, जरा जपून." पुढच्या आठवड्यापासून भिंतीपलीकडून नोट्स उतरवून देण्याचा आवाज येऊ लागला. अल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद. मुले लिहून घेत होती. उभी रेघ पुन्हा काही फळ्यावर दिसली नाही.

माझे म्हणणे या एका गोष्टीपाशी येऊन थांबते. तासिका तत्त्वाचा प्रश्न आपण आजवर पोटापाण्याचा प्रश्न म्हणून मांडत आलो. तो तसा आहेच. पण राज्यशास्त्राच्या बाबतीत तो थेट विषयाच्या गाभ्यात शिरतो. आमचा विषयच सत्ता हा आहे. ती कोणाकडे असते, कशी मिळते, कशी टिकते, तिला जाब कोणी विचारायचा. ज्याची पुढच्या वर्षीची भाकरी सत्तेच्या मर्जीवर आहे, त्याला हे प्रश्न वर्गात खुले ठेवता येत नाहीत. रसायनशास्त्राच्या तासिकेवरच्या प्राध्यापकाचे हाल कमी आहेत असे मी म्हणणार नाही. पण त्याच्या असुरक्षिततेने आम्लाचा गुणधर्म बदलत नाही. आमच्याकडे मात्र नेमणुकीचा कागद जे सांगतो तेच हळूहळू धड्यात उतरते.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. इथल्या बहुतेक महाविद्यालयांच्या मागे एक शिक्षणसंस्था असते आणि पुष्कळ संस्थांच्या मागे राजकारणातली माणसे असतात. हे मी तक्रारीच्या सुरात सांगत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, पंजाबराव देशमुखांनी विदर्भात शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केले. सार्वजनिक जीवनातल्या माणसांनी कॉलेज वेशीपाशी आणून ठेवले नसते तर माझ्यासारख्या मुली दहावीनंतर घरीच बसल्या असत्या. पुढे सहकाराच्या पैशातून तालुक्या-तालुक्यात महाविद्यालये झाली, त्यात शिकलेल्या हजारो मुलांना त्याचे मोल माहीत आहे. पण याचा अर्थ असाही होतो, की 'महाराष्ट्राचे राजकारण' हा पेपर शिकवणारा माणूस ज्या इमारतीत उभा राहून बोलतो, ती इमारत त्या पेपरातल्या एका प्रकरणाचाच भाग असते. साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ आणि शिक्षणसंस्था यांची सांगड कशी बसते हे प्रश्नपत्रिकेत विचारले जाते, आणि ते शिकवणाऱ्याची मुलाखत त्याच सांगडीतले लोक घेतात. नियमित नेमणूक, विद्यापीठाची मान्यता, सेवेचे नियम, तक्रार निवारणाची यंत्रणा ही सगळी त्यासाठीच तर असते, की नेमणाऱ्याचा हात शिकवणाऱ्याच्या गळ्यापर्यंत पोहोचू नये. तासिका तत्त्वात यातले काहीच नाही. तिथे कोणाला कामावरून काढावे लागत नाही. यादीत नाव आले नाही की झाले.

पैशाचा हिशोब एकदा मांडून टाकते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असा दर सांगितला. आपल्या राज्यातला दर त्याच्या खालीच राहिला. तासाला हजार रुपये धरा. आठवड्याला नऊ तास, चार आठवड्यांचे छत्तीस, म्हणजे ३६,००० रुपये. हा कागदावरचा आकडा. दिवाळीच्या सुट्टीचे नाहीत, उन्हाळ्याचे नाहीत, परीक्षा चालू असताना तास होत नाहीत म्हणून त्या दिवसांचे नाहीत, गणपती-पोळा-जयंती-मतदान यांच्या सुट्ट्यांचे नाहीत. जे मिळते तेही महिन्याला मिळत नाही, बिल मंजूर होईल तेव्हा एकदम मिळते. त्याच खोलीत, तोच पेपर शिकवणाऱ्या नियमित सहायक प्राध्यापकाचे सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे, भत्ते वेगळे.

याहून कडू गोष्ट पुढे आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत पूर्वीची सेवा पदोन्नतीसाठी मोजण्याच्या अटी दिल्या आहेत. तात्पुरती किंवा अतिथी म्हणून केलेली सेवा मोजायची तर त्या काळातले एकूण मानधन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक पगारापेक्षा कमी असता कामा नये. म्हणजे आधी माणसाला कमी पैसे द्यायचे, आणि दहा वर्षांनी तो नियमित झालाच तर सांगायचे की तुला तेव्हा कमी पैसे मिळत होते म्हणून ती दहा वर्षे धरता येत नाहीत. चाळिशीच्या उंबरठ्यावर नियमित झालेला माणूस पहिल्या पायरीवर उभा राहतो. त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात उमेदीचा काळ सेवापुस्तिकेत सापडत नाही.

मग हे लोक जगतात कसे? माझा तो सहकारी सकाळचे तास संपवून दुपारच्या एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी जातो आणि स्पर्धा परीक्षेच्या अकॅडमीत शिकवतो. तिथे आमच्या विषयाला 'पॉलिटी' म्हणतात. या एका शब्दात केवढा फरक पडतो ते पाहण्यासारखे आहे. कॉलेजातल्या राज्यशास्त्रात राज्यपालाने बहुमत अजमावायला कधी सांगावे हा वादाचा प्रश्न असतो. पॉलिटीत तो कलम क्रमांकाचा प्रश्न असतो आणि चार पर्यायांपैकी एकच बरोबर असतो. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मी नावे ठेवत नाही, माझी अर्धी मुले तीच आहेत आणि त्यांच्या घरच्यांची सारी आशा त्या परीक्षेवर आहे. पण एकच शिक्षक सकाळी वाद शिकवतो आणि संध्याकाळी पर्याय, आणि पैसे मिळतात संध्याकाळचे. हळूहळू सकाळच्या वर्गातही पर्यायच येऊ लागतात. त्यात धोका नसतो. 'वरीलपैकी सर्व' म्हटल्याबद्दल कार्यालयातून निरोप येत नाही.

राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाची कारकीर्द कशी असू शकते हे आपल्याच राज्याने पाहिलेले आहे. उषा मेहता १९४२ मध्ये काँग्रेसचे गुप्त रेडिओ केंद्र चालवत होत्या तेव्हा त्यांचे वय बावीस होते. नोव्हेंबरमध्ये पकडल्या गेल्या, येरवड्याच्या तुरुंगात राहिल्या, १९४६ मध्ये सुटल्या. नंतर त्यांनी गांधींच्या राजकीय व सामाजिक विचारांवर पीएच.डी. केली आणि मुंबईत राज्यशास्त्र शिकवायला लागल्या. विद्यापीठातल्या नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुख म्हणून १९८० मध्ये निवृत्त झाल्या. सरकारने ज्यांना तीन वर्षांहून जास्त कोंडले होते, त्यांनी पुढची तीन दशके वर्गात उभे राहून सरकार म्हणजे काय ते शिकवले. ज्या मुलांना हे वर्ग मिळाले त्यांचा मला हेवा वाटतो. आज तेवीस-चोवीस वर्षांची अशी एखादी मुलगी, आंदोलनात एक रात्र कोठडीत काढून आलेली, तासिका तत्त्वाच्या मुलाखतीला आली तर पोलीस पडताळणीच्या कागदापाशीच तिचे काय होईल, हा प्रश्न मी स्वतःला विचारते आणि उत्तर मला माहीत असते.

य. दि. फडके घ्या. सोलापूरचा हा माणूस राज्यशास्त्राचा प्राध्यापक. विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राचा इतिहास त्यांनी खंडामागून खंड लिहून काढला, जुनी वर्तमानपत्रे, पत्रव्यवहार, सरकारी कागद चाळून. बेळगावला २००० साली साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पुणे विद्यापीठातले राजेंद्र व्होरा मुळशीच्या सत्याग्रहामागे लागले. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ मावळच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांसह दिलेला तो लढा, धरणविरोधी आंदोलनांच्या इतिहासातला पहिल्या काहींपैकी. व्होरांचे त्यावरचे पुस्तक आधी मराठीत आले, इंग्रजीत नंतर. नागपूरचे भा. ल. भोळे आयुष्यभर मराठीत लिहीत राहिले, त्यांची पुस्तके घेऊन खेड्यातली मुले एम.ए. झाली. या सगळ्यांत बुद्धी होती, कष्ट होते. पण आणखी एक साधी गोष्ट होती जी आपण विसरतो, ती म्हणजे मुदत. पुढच्या वर्षीही आपण याच टेबलापाशी असू ही खात्री. पुराभिलेखागारात तीन उन्हाळे घालवायचे तर चौथ्या उन्हाळ्याची भीती नसावी लागते.

मुदत लागते ती तालुका कळायलाही. एका विधानसभा निवडणुकीनंतरच्या मतदार सर्वेक्षणासाठी मी मुलांना घेऊन फिरले होते. असल्या सर्वेक्षणात मतदार यादीतून नावे आधीच निवडून दिलेली असतात. भेटेल त्याला विचारून चालत नाही, यादीतलाच माणूस शोधावा लागतो. मुलाखतीच्या शेवटी त्याच्या हातात नमुना मतपत्रिका द्यायची, त्याने ती आपल्याला न दाखवता डब्यात टाकायची. आमच्या यादीतली दोन नावे एका वस्तीवर सापडेनात. घराला कुलूप. शेजारची म्हातारी म्हणाली, "ती कारखान्याला गेली की, दसरा झाल्या झाल्या. आता पाडव्यालाच." ऊसतोडीला गेलेले जोडपे. माझ्याबरोबरच्या मुलाने फॉर्मवर 'घरी नाही' अशी खूण केली आणि परत येताना बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मॅडम, म्हणजे हे लोक मत कधीच देत नाहीत?" त्या प्रश्नाने तो पुढे दोन वर्षे त्याच वस्तीवर जात राहिला, कोण मतदानाला परत येतो, गाडीभाडे कोण देतो, मुकादम काय सांगतो हे लिहून आणत राहिला. मी तिथेच होते म्हणून तो वही दाखवायला कोणाकडे तरी येऊ शकला. वर्षाला बदलणाऱ्या शिक्षकाकडे तो कोणती वही घेऊन जाणार?

आता त्या वहीला गुण किती मिळतील ते सांगते, कारण कारकीर्द आज गुणांनी मोजतात. २०१८ च्या नियमावलीतल्या तक्त्याप्रमाणे सामाजिक शास्त्रातल्या एका शोधनिबंधाला १० गुण. राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या संपूर्ण पुस्तकालाही १०. पुस्तकाच्या अनुवादाला ८. म्हणजे व्होरांसारख्या माणसाची अनेक वर्षांची मेहनत आणि आठ पानांचा एक निबंध तराजूत सारखे. अध्यापनाचे मोजमाप तर याहून सोपे. नेमून दिलेल्या तासांपैकी ऐंशी टक्के किंवा जास्त घेतले की 'चांगले', सत्तर ते ऐंशीमध्ये 'समाधानकारक'. फळ्यावरच्या त्या उभ्या रेघेला या तक्त्यात रकाना नाही. नोट्स उतरवून दिलेला तास आणि मुलांना जिन्यापर्यंत भांडायला लावणारा तास दोन्ही एक-एकच मोजले जातात.

शोधनिबंधांचा बाजार रोखायला आयोगाने मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी काढली, तिचे काम आपल्या पुण्यातूनच चालायचे. २०२५ मध्ये ती यादीच बंद केली. त्या काही वर्षांत तासिकेवरच्या मुलांनी काय सोसले ते मी पाहिले आहे. मुलाखतीत निबंधांचे गुण धरतात, म्हणून निबंध हवेत. चांगल्या नियतकालिकात वर्ष-दीड वर्ष लागते, आणि यांच्या हातात तर जूनपर्यंतचाच वेळ. मग पैसे भरून छापून आणायचे. ज्याला चार महिन्यांचे मानधन आलेले नाही तो उसने घेऊन निबंध छापतो. मराठीत लिहिलेला एखादा चांगला लेख, जो तालुक्यातल्या शंभर माणसांनी वाचला, ज्यावर सरपंचाचा फोन आला, तो अर्जात कुठे लिहायचा हे त्याला कळत नाही. राज्यशास्त्र ज्या समाजाबद्दल आहे त्या समाजाच्या भाषेत लिहिणे हे या शिडीवर चढायला उपयोगाचे नाही, हे त्याला पंचविशीतच कळून चुकते. मराठीत राजकारणावर बोलणारे आज खूप आहेत, दिवसभर बोलतात. अभ्यास करून बोलणाऱ्यांची पुढची पिढी कुठे आहे असे विचारणाऱ्यांनी ती पिढी दुपारच्या एस.टी.त शोधावी.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो खरा आहे. नियमित असलेले तरी कुठे बोलतात? तीस वर्षे पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचणारे, गाईडमधून प्रश्न काढणारे, संस्थाचालकाच्या वाढदिवसाला पुरवणीत लेख लिहिणारे कायम प्राध्यापक मी पाहिले आहेत. पूर्ण पगार, पूर्ण सुरक्षितता, आणि वर्गात अवाक्षर नाही. सुरक्षिततेने कोणी आपोआप धीट होत नाही हे मी मान्य करते, आणि त्या तरुणाला 'जपून' म्हणणारी मीही त्यातलीच होते त्या दिवशी. पण नोकरी सुरक्षित असून गप्प बसणाऱ्याला आपण दोष देऊ शकतो. त्याला विचारता येते की तुला काय अडचण होती. तासिकेवरच्या माणसाला तो प्रश्न विचारण्याचा नैतिक अधिकार कोणालाच उरत नाही.

सुहास पळशीकरांचे उदाहरण यासाठी महत्त्वाचे वाटते. ते आणि योगेंद्र यादव एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांचे मुख्य सल्लागार होते. मे २०१२ मध्ये त्यातल्या व्यंगचित्रकार शंकर यांच्या १९४९ मधल्या, आंबेडकर आणि नेहरूंवरच्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला आणि पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. दोघांनी सल्लागारपदाचे राजीनामे दिले. २०२३ मध्ये पुस्तकांतून मजकूर वगळला गेला तेव्हा दोघांनी पत्र लिहून सांगितले, की आता या पुस्तकांवर आमची नावे नकोत. त्या व्यंगचित्राबद्दल वेगवेगळी मते असू शकतात, दलित विद्यार्थ्यांच्या मनाला ते का लागले असेल हेही मी वर्गात बोलते. माझा मुद्दा दुसरा आहे. तोडफोडीनंतरही पळशीकर विद्यापीठात प्राध्यापकच होते. शिकवत राहिले, लिहीत राहिले, २०१६ मध्ये रीतसर निवृत्त झाले. राजीनामा देणे, नाव काढून घ्या म्हणणे, हे करता येण्यासाठी पायाखाली जमीन लागते. तासिका तत्त्वावरच्या माणसाला राजीनामासुद्धा देता येत नाही. द्यायला पद असावे लागते.

दुसरा आक्षेप तिजोरीचा. सरकारकडे पैसा नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याने सहायक प्राध्यापकांची २,०८८ पदे भरायला मान्यता दिली, त्याचा आम्हाला आनंद झाला. पण आनंदाच्या पोटात हेही होते की ही पदे नवीन नव्हती, मंजूर होऊन रिकामी पडलेली होती. मंजूर पद म्हणजे काय? इथे मुले आहेत, तास आहेत, शिक्षक लागतो, असे सरकारने स्वतः तपासून कबूल केलेले असते. ते पद रिकामे ठेवून त्याच तासांना नऊने भागणे ही काटकसर होत नाही. गरज तीच, काम तेच, फक्त काम करणाऱ्याचे हक्क वजा केलेले. आणि मान्यता मिळालेल्या पदांनाही सहसंचालक कार्यालयाचे ना-हरकत पत्र, आरक्षणाची बिंदुनामावली, जाहिरात, निवड समिती यांतून जाताना इतका काळ लागतो, की तोवर अर्ज करणाऱ्यांचे केस पांढरे होतात. त्यातही अनुदानित पदाची जाहिरात आली की उमेदवार एकमेकांना पहिला प्रश्न पात्रतेचा विचारत नाहीत, 'रेट'चा विचारतात. सगळीकडे असे होते असे नाही, मी स्वतः एक पैसा न देता लागले. पण शेतीचा तुकडा विकून लागलेला माणूस वर्गात भ्रष्टाचार हे प्रकरण कोणत्या तोंडाने शिकवील, याचा विचार केला की मला मुलांची काळजी वाटते.

म्हणून मागणी साधी ठेवते. मंजूर पदे भरा. ती भरेपर्यंत जो शिकवतो आहे त्याला तासाने मोजू नका, वर्षाने नेमा, बारा महिन्यांचा पगार द्या, आणि पुढच्या वर्षी नको असेल तर का नको हे लेखी द्या. तेवढे एक लेखी कारण जरी द्यावे लागले तरी 'अभ्यासक्रमात आहे तेवढेच शिकवा' हा निरोप पाठवणारा दहा वेळा विचार करील. जितकी वर्षे शिकवले तितकी सेवेत धरा. आणि गुणांच्या तक्त्यात मराठी पुस्तकाला निबंधाच्या बरोबरीने बसवू नका, त्याचे वजन वाढवा. निवड पैशावर ठरणार नाही यासाठी ती संस्थेच्या हातून काढून विद्यापीठ पातळीवर, उघड्या गुणवत्ता यादीने व्हावी असे मला वाटते. त्याने संस्थांचा अधिकार जाईल, हे मान्य आहे. पगार सरकार देत असेल तर एवढा अधिकार जायला हरकत नसावी.

नवीन शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून तक्ता आणखी अवघड झाला आहे. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असे रकाने वाढले आहेत आणि कोणत्या रकान्यात किती मुले येतील हे ऑगस्टपर्यंत कळत नाही. तोवर तासिकेवरच्या माणसांना 'बघू' एवढेच सांगतात. या वर्षी मी तक्ता भरला तेव्हा माझे चौदा वजा जाता अठरा तास उरले. नऊने भागून दोन लिहिले. मग 'शेरा' हा रकाना, जो आम्ही कोणीच कधी भरत नाही, त्यात लिहिले : 'विभागात मंजूर पदे दोन, भरलेले एक. सदर तासांपैकी सोळा तास रिक्त पदाचे आहेत.' चार दिवसांनी कार्यालयाने तक्ता परत पाठवला. शेऱ्याखाली पेन्सिलीने रेघ होती, आणि शेरा वगळून नवीन प्रत द्या असे सांगितले होते. मी नवीन प्रत तयार केली, तेच वाक्य त्याच रकान्यात पुन्हा लिहिले, सही केली आणि आवक क्रमांक घेऊन आले.